आधी मॉनिटर की आधी ग्राफिक्स कार्ड? गेमिंग पीसीच्या जुळणीचा आढावा

हातात लाख-सव्वा लाख रुपये आहेत आणि गेम खेळण्यासाठी एकेक भाग निवडून पीसी जोडून घ्यायचा आहे. वरवर पाहता हा खरेदीचा प्रश्न आहे. पण त्यात शिरले की जाणकारांमधले बरेच वाद समोर येतात. प्रोसेसर कोणाचा घ्यावा, ग्राफिक्स कार्डावर मेमरी किती असावी, एआयने मधल्यामध्ये तयार केलेल्या फ्रेम हिशेबात धराव्यात का, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर किती पैसे घालावेत, मदरबोर्ड पाच वर्षांचा विचार करून घ्यावा की आजचा? यांतल्या प्रत्येक प्रश्नावर दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसे आहेत. इथे ते वाद क्रमाने मांडायचे आहेत. एक अडचण मात्र सगळ्यांच्या मुळाशी आहे, ती आधीच नोंदवतो. ज्या चाचण्यांच्या आधाराने हे वाद लढवले जातात त्या बहुतांशी अमेरिका-युरोपातल्या थंड खोल्यांत आणि स्थिर विजेवर झालेल्या असतात. आपल्याकडे निर्णय घेताना त्या आकड्यांत खोलीचे तापमान, विजेचा लहरीपणा आणि वॉरंटीचा प्रवास मिळवावा लागतो. ही बेरीज केली की काही वादांचा तोल बदलतो.

पार्श्वभूमी

भाग निवडून संगणक जोडता येतो याचे श्रेय आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीला जाते. बाजारात मिळणारे सुटे भाग वापरून आणि रचना बऱ्यापैकी खुली ठेवून आयबीएमने तो काढला. त्याच्या नकला निघाल्या आणि सुट्या भागांचा धंदा उभा राहिला. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिले. मदरबोर्डाचे स्क्रू कुठे येणार आणि एसएमपीएस कसा बसणार हे त्यातून पक्के झाले. आज एका कंपनीचे कॅबिनेट, दुसरीचा बोर्ड आणि तिसरीचा एसएमपीएस विनातक्रार एकत्र बसतात, ते त्यामुळेच.

गेमिंगसाठी वेगळे यंत्र ही कल्पना थोडी नंतरची. 'डूम' १९९३च्या डिसेंबरमध्ये आला तेव्हा सगळे काम प्रोसेसरच करत होता. १९९६मध्ये थ्रीडीएफएक्सचे व्हूडू कार्ड आले आणि चित्र काढण्याचे ओझे वेगळ्या चिपकडे गेले. १९९९च्या जीफोर्स २५६ पासून एनव्हिडियाने 'जीपीयू' हा शब्द रूढ केला. २००६मध्ये एएमडीने एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतली. २०२२मध्ये इंटेलने आर्क मालिकेची कार्डे आणली आणि ग्राफिक्सच्या बाजारात पुन्हा तिघेजण झाले. प्रोसेसरच्या बाजूला मोठे वळण २०१७चे. एएमडीच्या रायझनने इंटेलची बरीच वर्षांची एकहाती सद्दी मोडली.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला जायचा तो मुख्यतः ब्रँडेडपेक्षा स्वस्त पडतो म्हणून. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड हे बाजार त्या गरजेवर वाढले. आज हेतू बदलला आहे. जोडून घेतलेला पीसी नेहमी स्वस्त पडतोच असे नाही. तो हवा तसा मिळतो आणि पुढे एकेक भाग बदलता येतो, म्हणून लोक त्या वाटेने जातात.

मोजायचे काय?

बरीच वर्षे एकच आकडा चालायचा : सेकंदाला सरासरी किती फ्रेम. २०११मध्ये 'द टेक रिपोर्ट' या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी या आकड्याची मर्यादा दाखवून दिली. समजा, एका सेकंदात ६० फ्रेम आल्या. त्यांतल्या ५९ प्रत्येकी सुमारे १५ मिलिसेकंदांत आल्या आणि एकीला १०० मिलिसेकंद लागले. सरासरी पाहिली तर ६०, म्हणजे छान. खेळणाऱ्याला मात्र नेमक्या नेम धरण्याच्या क्षणी चित्र अडखळलेले दिसते. तेव्हापासून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजण्याची पद्धत पडली. आज कुठल्याही गंभीर चाचणीत सरासरीशेजारी सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडाही दिलेला असतो. भाग निवडताना मी हा दुसरा आकडा आधी बघतो आणि वाचकांनीही तसेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे माप मॉनिटरचे. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख, ४केवर ८२.९ लाख. म्हणजे ४केवर खेळायचे तर ग्राफिक्स कार्डाला १०८०पीच्या चौपट पिक्सेल रंगवायचे असतात. शिवाय ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झवर जेमतेम ६.९. म्हणून 'आधी मॉनिटर ठरवा, मग कार्ड' असे मानणारा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष म्हणतो, पैसा आधी कार्डात घाला, मॉनिटर वर्षभराने बदलता येतो. ज्याच्याकडे आधीच एखादा मॉनिटर आहे त्याच्यासाठी दुसरे म्हणणे व्यवहारी आहे. पण सगळेच नव्याने घेणाऱ्याने मॉनिटर शेवटी उरलेल्या सहा-सात हजारांत बसवला तर चाळीस हजारांच्या कार्डाची निम्मी कमाई त्याला कधी दिसतच नाही.

ग्राफिक्स कार्ड : मेमरीचा वाद

एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा, याबद्दल फारसे दुमत नाही. सर्वसाधारणपणे ३५ ते ४५ टक्के हा संकेत धरला जातो. खरा वाद सुरू होतो तो कार्डावरच्या मेमरीपाशी.

२०२३च्या सुरुवातीला 'हॉगवर्ट्स लेगसी' आणि 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' हे गेम पीसीवर आले तेव्हा ८ जीबीची कार्डे धापा टाकू लागली. पोत धूसर दिसणे, मध्येच अडखळणे, कधी गेम बंदच पडणे असे प्रकार झाले. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. २०२०मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ जीबी सामायिक मेमरी आहे. तिच्या हिशेबाने बांधलेले गेम पीसीवर आले की ८ जीबीत मावत नाहीत. मेमरी भरली की उरलेला डेटा पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने मुख्य रॅममधून आणावा लागतो, आणि ती वाट कार्डावरच्या मेमरीच्या मानाने फार अरुंद असते.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही हलके नाही. त्या गेमांपैकी काही मुळात घाईने आणलेले होते आणि पुढच्या अपडेटांनंतर सुधारले. 'व्हॅलोरंट', 'काउंटर-स्ट्राइक २' यांसारखे स्पर्धात्मक गेम ८ जीबीत आरामात चालतात, आणि बहुसंख्य लोक तेच खेळतात. पोताची पातळी एक पायरी खाली आणली की पुष्कळदा प्रश्न मिटतो. मग न वापरल्या जाणाऱ्या मेमरीचे पैसे का मोजावेत?

कंपन्यांनी या वादावर तोडगा काढण्याऐवजी दोन्ही माल बाजारात ठेवले. २०२५मध्ये आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आली. अमेरिकेतल्या जाहीर किमतींत दोन रूपांतला फरक अवघा ५० डॉलरचा होता. जुन्या बोर्डावर नवे कार्ड बसवणाऱ्यांनी एक बारकावा पाहायलाच हवा. ५०६० टीआय पीसीआय एक्स्प्रेसच्या आठच लेन वापरते. आपल्याकडे अजून भरपूर चालू असलेल्या बी४५० बोर्डावर त्या तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालतात. अशा बोर्डावर ८ जीबीचे रूप मेमरी भरल्यावर जास्तच मागे पडते, १६ जीबीच्या रूपाला तो फटका क्वचितच जाणवतो. दरवर्षी कार्ड बदलणाऱ्याने ८ जीबी घ्यायला हरकत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत एक कार्ड चार-पाच वर्षे चालवायचे असते, आणि त्या हिशेबात १६ जीबीचे पारडे मला निश्चितच जड वाटते.

ग्राफिक्स कार्ड : फ्रेम खरी कोणती?

२०१८च्या आरटीएक्स २० मालिकेबरोबर दोन गोष्टी आल्या : प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र उभे करणारे रे ट्रेसिंग आणि कमी रिझोल्यूशनचे चित्र एआयने मोठे करणारे डीएलएसएस. सुरुवातीच्या डीएलएसएसमध्ये चित्र पुसट दिसायचे. २०२०मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि बहुतेक टीकाकारांनी तलवारी म्यान केल्या. एएमडीने २०२१मध्ये त्याच कामासाठी एफएसआर आणले. पण त्यात एआयचा वापर चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२५च्या आरएक्स ९०७० कार्डांपासून सुरू झाला. चित्र मोठे करण्याचे हे तंत्र आता जवळपास सर्वमान्य आहे.

वाद आहे तो पुढच्या पायरीवर. २०२२मध्ये डीएलएसएस ३ने दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक कल्पित फ्रेम घालायला सुरुवात केली. २०२५च्या डीएलएसएस ४मध्ये एका खऱ्या फ्रेममागे तीन कल्पित फ्रेम येऊ लागल्या. त्या वर्षी जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस मेळ्यात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० आधीच्या पिढीच्या सर्वांत महागड्या ४०९०ची कामगिरी देईल असे सांगितले. वाद पेटला तो तिथे, कारण ही बरोबरी कल्पित फ्रेम मोजल्या तरच जमते.

समर्थक म्हणतात : पडद्यावर दिसणारा प्रत्येक पिक्सेल शेवटी गणितानेच येतो. हालचाल गुळगुळीत दिसत असेल तर ती कुठल्या गणिताने आली याची चिकित्सा कशाला? २४० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर त्याचा पुरेपूर उपयोग करायचा हाच परवडणारा मार्ग आहे. विरोधकांचा मुद्दा हाताला जाणवणारा आहे. मधली फ्रेम काढायची तर पुढची खरी फ्रेम तयार होईपर्यंत थांबावे लागते, आणि माउसची हालचाल खऱ्या फ्रेममध्येच उमटते. मुळात सेकंदाला ३० फ्रेम येत असतील तर पडद्यावर १२० दिसल्या तरी माउस ३०चाच वाटतो, उलट किंचित अधिक जड. मूळ वेग ६०च्या वर असेल तर हा दोष बराच कमी जाणवतो. म्हणजे हे तंत्र चांगल्या कार्डाला आणखी चांगले करते, कमकुवत कार्डाला सावरू शकत नाही. तुलना करताना दोन कार्डांच्या खऱ्या फ्रेम शेजारीशेजारी ठेवाव्यात आणि कल्पित फ्रेम हा वरचा लाभ समजावा, हीच पद्धत मला न्याय्य वाटते.

रे ट्रेसिंगबद्दलचा जुना प्रश्न, म्हणजे ते हवे की नको, हळूहळू निकालात निघतो आहे. २०२४च्या अखेरचा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि २०२५चा 'डूम : द डार्क एजेस' हे गेम त्या सोयीचे कार्ड नसेल तर चालतच नाहीत. त्यामुळे रे ट्रेसिंगच्या आधीच्या पिढीचे जुने कार्ड स्वस्तात मिळाले तरी त्याचे आयुष्य मर्यादित आहे, हे धरून चालावे.

प्रोसेसर आणि सॉकेट

प्रोसेसरच्या चाचण्या १०८०पीवर, तेही सर्वांत महागडे कार्ड लावून घेतात. यावर नेहमी आक्षेप येतो की असा पीसी कोण वापरतो? आक्षेप स्वाभाविक आहे, पण पद्धतीमागे कारण आहे. ४केवर सगळे ओझे कार्डावर पडते आणि सारे प्रोसेसर सारखेच दिसतात. रिझोल्यूशन कमी केले की प्रोसेसरची स्वतःची मर्यादा उघडी पडते, आणि पुढे नवे कार्ड घातल्यावर काय होईल याचा अंदाज येतो. आक्षेप घेणाऱ्यांचे एवढे मात्र मान्य करावे लागते की मध्यम कार्ड लावून १४४०पीवर खेळणाऱ्याला महागड्या प्रोसेसरचा फायदा फार थोडा दिसेल. स्पर्धात्मक गेममध्ये, जिथे सेकंदाला दोन-तीनशे फ्रेम हव्या असतात, तिथे हे गणित उलटते.

एप्रिल २०२२च्या रायझन ७ ५८००एक्स३डीने या क्षेत्रात नवा विचार आणला. चिपवर कॅशचा आणखी एक थर चढवून ती ९६ एमबी केली आणि गेमना हवा असलेला डेटा प्रोसेसरच्या अगदी जवळ ठेवला. गेमिंगमध्ये ७८००एक्स३डी आणि नोव्हेंबर २०२४चा ९८००एक्स३डी यांचा वरचष्मा कुणी फारसा नाकारत नाही. वाद किमतीचा आहे. त्यांच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळणारा सहा कोरचा प्रोसेसर मध्यम कार्डाला पुरतो. वाचलेला पैसा कार्डात घातला तर लाभ जास्त, असे अनेक जण म्हणतात. लाख-सव्वा लाखाच्या अंदाजपत्रकात मला त्यांचे म्हणणे पटते.

इंटेलच्या बाजूने बोलताना २०२४ टाळता येत नाही. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होऊ लागले. इंटेलने ते मान्य करून ऑगस्ट-सप्टेंबर २०२४मध्ये बायोसमार्फत मायक्रोकोडचे अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झालेली हानी मात्र त्या मायक्रोकोडने भरून येत नाही. म्हणून या पिढ्यांचा वापरलेला प्रोसेसर घेताना बोर्डाचा बायोस कधी अद्ययावत केला होता, हे विचारायलाच हवे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेले कोअर अल्ट्रा २०० प्रोसेसर विजेच्या वापरात सुधारले, पण गेमिंगमध्ये सुरुवातीला त्यांनी निराशा केली. व्हिडिओ संपादनासारखे काम सोबत असेल तर मात्र इंटेलचे जास्त कोर आजही विचारात घेण्याजोगे आहेत.

सॉकेटचा वाद याला जोडूनच येतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटने एक वेगळाच नमुना घालून दिला. २०१७चा बी३५० बोर्ड घेतलेल्या माणसाला बायोस बदलून २०२२मध्ये त्याच बोर्डावर ५८००एक्स३डी बसवता आला. इंटेलच्या बाजूला २०१५ नंतर एलजीए ११५१, १२००, १७०० आणि १८५१ असे सॉकेट बदलत गेले. ११५१मध्ये तर सॉकेट तोच असूनही आठव्या पिढीसाठी नवा बोर्ड लागला. एएम४नंतरच्या एएम५ला २०२७पर्यंत आणि पुढेही साथ देऊ, असे एएमडीने जाहीर केले आहे. यावर दुसरा पक्ष विचारतो की प्रत्यक्षात किती जण बोर्ड ठेवून नुसता प्रोसेसर बदलतात? पाच वर्षांनी रॅमची पिढी बदललेली असते, जोडण्या बदललेल्या असतात, मग सगळेच नवे घेतले जाते. दोन्ही म्हणणी अनुभवाला धरून आहेत. ज्याला आज साधा प्रोसेसर घेऊन तीन वर्षांनी चांगला घ्यायचा आहे त्याने सॉकेटच्या आयुष्याला किंमत द्यावी, इतरांनी त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

एसएसडीबद्दल थोडक्यात

इथे मतभेद कमी आहेत. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, चौथ्या पिढीची एनव्हीएमई ७००० एमबीच्या आसपास, पाचवी १०,००० एमबीच्या पुढे. गेम उघडण्याच्या वेळात मात्र या आकड्यांच्या प्रमाणात फरक पडत नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येणे ही खरी उडी होती. चौथ्या पिढीची १ टीबी बहुतेकांना पुरे.

वीज आणि उष्णता

आता आपल्याकडच्या परिस्थितीत सर्वाधिक फरक पाडणारा, तरी सर्वांत कमी चर्चिला जाणारा भाग. दुकानातले नमुनेदार कोटेशन पाहा. वर ठळक अक्षरांत प्रोसेसर आणि कार्ड, नेमक्या मॉडेलसकट. खाली उतरत जावे तसतसे शब्द सैल होतात : 'बोर्ड', '१६ जीबी रॅम', 'आरजीबी कॅबिनेट', आणि तळाशी '५५० वॉट एसएमपीएस', कंपनीचे नावही नसते. पैसे तिथेच वाचवलेले असतात.

एसएमपीएसवर दिसणारा '८० प्लस'चा शिक्का २००४पासून आहे. तो फक्त कार्यक्षमता सांगतो. व्होल्टेज किती स्थिर आहे, शॉर्ट सर्किट झाल्यास संरक्षण मिळेल का, कपॅसिटर कसे आहेत, यांबद्दल तो गप्प असतो. शिवाय ती चाचणी साधारण २३ अंश तापमानात होते. म्हणून एक पक्ष गोल्ड शिक्क्याचा आग्रह धरतो, तर दुसरा म्हणतो, शिक्का ब्राँझ असला तरी चालेल, पण आतली रचना तपासलेली आणि वॉरंटी पाच वर्षांची असावी. विजेच्या बिलातली बचत घरगुती वापरात थोडीच असते, म्हणून मी दुसऱ्या पक्षाकडे झुकतो.

महाग कार्डांच्या बाबतीत वाद एका जोडणीवर एकवटला आहे. जुन्या आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट जायचे. २०२२मध्ये रुळलेल्या १२व्हीएचपीडब्ल्यूआर या लहानशा जोडणीतून ६०० वॉटपर्यंत जाऊ शकतात. १२ व्होल्टला ६०० वॉट म्हणजे ५० अँपिअर. तो प्रवाह सहा पिनांत वाटला जातो, म्हणजे एका पिनेच्या वाट्याला आठाहून अधिक अँपिअर. एखादी पिन नीट टेकली नाही तर तिचा वाटा उरलेल्या पिनांवर पडतो आणि प्लॅस्टिक वितळते. ४०९० कार्डांत असे घडले तेव्हा केबल पूर्ण न बसवणे हे मुख्य कारण सांगितले गेले. २०२३मध्ये १२व्ही-२एक्स६ अशी सुधारित जोडणी आली. केबल अर्धवट बसली असेल तर ती वीजच घेऊ देत नाही. तरीही २०२५मध्ये ५७५ वॉटच्या आरटीएक्स ५०९०बाबत पुन्हा तशा तक्रारी आल्या. दोष जोडणाऱ्याच्या हाताचा की सुरक्षेची मोकळीक फार कमी ठेवणाऱ्या रचनेचा, यावर एकमत झालेले नाही. १५०-२०० वॉटची कार्डे घेणाऱ्याने याची चिंता करू नये.

यूपीएसच्या बाबतीत नेहमी गफलत होते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पुरवतो. गेम चालू असताना वीज गेली की तो पीसी सांभाळू शकत नाही, लगेच मान टाकतो. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस लागतो का, हा पुढचा वाद. आधुनिक एसएमपीएस पायरीच्या आकाराच्या वेव्हवर बहुधा चालतात, काही मात्र वीज जाताक्षणी बंद पडतात. ज्या गावांत वीज दिवसातून दोनदा जाते तिथे शुद्ध साइन वेव्हवर केलेला खर्च वाया जात नाही.

उष्णतेचे गणित सोपे आहे. कूलर कितीही चांगला असला तरी चिपची उष्णता खोलीतल्या हवेतच सोडतो. खोली २२ अंशांवरून ३८वर गेली तर चिपही साधारण तेवढीच वर चढते. त्यामुळे परदेशी चाचणीत ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली ८५च्या पुढे गेला तर त्यात नवल नाही. इथे वॉटर कूलर की एअर कूलर हा वाद येतो. दुहेरी मनोऱ्याचे एअर कूलर आता तीन-साडेतीन हजारांत मिळतात आणि मध्यम प्रोसेसरला पुरून उरतात. त्यांत बिघडण्यासारखा पंखा एवढाच. वॉटर कूलर दिसायला देखणा, जास्त तापणाऱ्या प्रोसेसरला उपयोगी, पण त्याच्या पंपाला आयुष्याची मर्यादा आहे. कूलरपेक्षाही दुर्लक्षित राहते ते कॅबिनेट. समोर जाळी असलेले आणि धूळगाळणी काढून धुता येईल असे कॅबिनेट, समोरून काचेने बंद केलेल्या कॅबिनेटपेक्षा आपल्या हवेत केव्हाही सरस. कोकणात आणि गोव्यात दमट खारी हवा हा आणखी एक शत्रू असतो. तिथे पीसी महिनोन्महिने बंद न ठेवता अधूनमधून चालू करावा, हा स्थानिक जोडणाऱ्यांचा सल्ला समजूतदार आहे.

बिल, वॉरंटी आणि जुना माल

अमेरिकेतल्या जाहीर किमतीला रुपयाच्या दराने गुणून 'आपल्याकडे लुटतात' असे म्हणणे अपुरे आहे. तिथल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, आपल्याकडच्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो. तो वजा केल्यावर उरणारा फरकही लहान नसतो, पण मग चर्चा योग्य आकड्यावर होते.

बिनाबिलाचा माल स्वस्त पडतो, हे उघड आहे. भागाची वॉरंटी मात्र कित्येकदा भारतातल्या वितरकामार्फतच मिळते, आणि बिल नसेल तर तिसऱ्या वर्षी बंद पडलेले कार्ड कुणी हातात घेत नाही. 'ट्रे' प्रोसेसरचेही तसेच. चिप अस्सल असते, पण डबा नसतो आणि वॉरंटी विक्रेत्याच्या शब्दावर असते.

जुन्या कार्डांचा प्रश्न सप्टेंबर २०२२ नंतर मोठा झाला. इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डे लावून नाणी काढण्याचा धंदा बसला आणि ती कार्डे बाजारात ओतली गेली. त्यांवर सतत एकसारखा आणि कमी व्होल्टेजचा ताण होता, त्यामुळे ती ठणठणीत असतात, असे एक मत आहे. मेमरी तापून आणि पंखे झिजून त्यांचे आयुष्य संपत आलेले असते, हे दुसरे. कार्ड समोर अर्धा तास पूर्ण ताणावर चालवून, मेमरीचे तापमान पाहून घेता येत असेल तर जोखीम पुष्कळ कमी होते. कुरिअरने मागवताना तशी सोय नसते.

न सुटलेले

काही प्रश्न अजून खुले आहेत. ८ जीबीची कार्डे किती वर्षे काढतील, हे पुढच्या कन्सोलच्या मेमरीवर ठरेल. कल्पित फ्रेमच्या दर्जाला सर्वमान्य माप अजून नाही. चित्र डोळ्यांनी पाहूनच मते बनतात. उष्ण प्रदेशातल्या खोलीत, बंद कॅबिनेटमध्ये, तास-दीड तासाच्या खेळानंतर भागांची कामगिरी किती घसरते, याच्या शिस्तशीर चाचण्यांची आपल्याला नितांत गरज आहे. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने हे काम उचलले तर खरेदीदारांवर मोठे उपकार होतील.

सर्वांत ताजा आणि निकडीचा प्रश्न रॅमचा आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे उत्पादन आपल्याकडे ओढले आणि २०२५च्या अखेरीस डीडीआर५च्या किमती काही महिन्यांत दुपटीहून अधिक झाल्या. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्याच हाती बहुतेक सारे उत्पादन असल्याने ग्राहकाला पर्याय उरत नाही. ३२ जीबी घ्या, हा कालपर्यंतचा सोपा सल्ला त्यामुळे अडचणीत आला. काही जण म्हणतात, १६ जीबीची एकच स्टिक आता घ्या आणि दुसरी भाव उतरल्यावर. दुसरे सांगतात की एकाच स्टिकवर रॅमची रुंदी निम्मी होते, मंद फ्रेमचा आकडा घसरतो, आणि नंतर वेगळ्या बॅचची स्टिक आणली तर ठरलेल्या वेगाला दोन्ही चालतीलच अशी हमी नसते. म्हणून ८-८च्या दोन घ्याव्यात. तिसरे जुन्या डीडीआर४ रॅमसकट एएम४वरच आणखी दोन-तीन वर्षे काढायला निघाले आहेत. ज्याच्याकडे बी४५० बोर्ड आणि चालू रॅम आहे त्याच्यासाठी आज तरी तिसरा मार्ग सर्वांत कमी खर्चाचा आहे. अगदी कोऱ्या पाटीवर सुरुवात करणाऱ्याला मात्र पहिल्या दोहोंतूनच एक निवडावा लागेल, आणि त्या निवडीत भाव केव्हा उतरतील याचा अंदाजही त्याला स्वतःच्या जबाबदारीवर बांधावा लागेल.